खून २४ तारखेला, ओव्हन २२ तारखेलाच

रहस्यकथा वाचता वाचता कुकीज भाजायला घेतल्या की काहीतरी करपतंच, आणि पुस्तक काही करपत नाही. तपास ऐन रंगात आलेला असतो, टायमर वाजतो, ‘एवढं पान संपवून उठते’ असं म्हणेपर्यंत चार पानं होतात. पातळ कुकीला इतकी सवड नसते. दहाव्या मिनिटाला फिकी, बाराव्याला नेमकी, चौदाव्याला खालून काळी. म्हणून पुस्तक आणि कुकीज यांची जोडी जमवायची तर मळणं, लाटणं, पसारा आवरणं हे सगळं पहिलं पान उघडण्याआधी उरकायचं. वाचनाच्या दिवसांत फक्त सुरी आणि ट्रे हाताशी असावेत.

आधी पुस्तक ठरवा, कारण कुकी त्याच्यामागून येते. नाताळच्या आठवड्यासाठी अगाथा ख्रिस्ती यांची १९३८ मध्ये आलेली ‘हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस’ ही कादंबरी या कामाला अगदी सोयीची आहे. तिचे सात भाग आहेत आणि प्रत्येक भाग म्हणजे एक तारीख: २२ डिसेंबर ते २८ डिसेंबर. ज्या दिवशीचा भाग त्याच दिवशी वाचायचा, हा हिशेब पुस्तकानेच घालून दिलाय. भाग मात्र सारखे नाहीत. २४ तारखेचा सगळ्यात मोठा, कारण खून त्या संध्याकाळी होतो आणि जबान्याही तिथूनच सुरू होतात. २८ चा आटोपशीर. त्यामुळे २४ ला सलग दोन-अडीच तास मोकळे हवेत, बाकीच्या दिवशी पाऊण-एक तास पुरतो.

काटेकोरपणे बघितलं तर ही ‘कोझी’, म्हणजे सौम्य, घरगुती वळणाची रहस्यकथा नाही. कोझीमध्ये रक्त पडद्याआड सांडतं, गाव लहान असतं आणि तपास करणारी व्यक्ती पोलिसातली नसते. लोकर विणणारी आजी किंवा बेकरीवाली चालते. इथे खून चांगलाच रक्तबंबाळ आहे. हल्ली तुझे खून फार सभ्य होत चाललेत, अशी ख्रिस्ती यांच्या बहिणीच्या यजमानांची तक्रार होती, आणि अर्पणपत्रिकेत त्यांनी त्या तक्रारीला जाहीर उत्तर दिलंय. पण सणासाठी जमलेलं मोठं कुटुंब, एकच घर, आणि सगळ्यांवर संशय ही कोझीची मांडणी पुरेपूर आहे. लहान मुलं ऐकायला बसणार असतील तर मात्र दुसरं काहीतरी निवडा.

सात दिवस झेपणार नसतील तर शेरलॉक होम्सची निळ्या माणकाची गोष्ट घ्या. ती ‘स्ट्रँड’ मासिकात जानेवारी १८९२ मध्ये आली आणि नाताळनंतरच्या दुसऱ्या सकाळी, म्हणजे २७ डिसेंबरला सुरू होते. इंग्रजीतून सावकाश वाचली तरी ४०-४५ मिनिटांत संपते. खाली दिलेल्या शॉर्टब्रेडला ओव्हनमध्ये जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. तिसरा पर्याय म्हणजे ख्रिस्ती यांचा १९६० चा ‘द ॲडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग’ हा सहा कथांचा संग्रह. त्याची प्रस्तावनाच जेवणाच्या मेनूसारखी लिहिली आहे: दोन कथा मुख्य पक्वान्नं, तीन जोडीला, एक मधला हलका घास. एका बैठकीला एक कथा, त्यामुळे रोज थोड्याच कुकीज लागतात.

पहिले दोन दिवस: शॉर्टब्रेड

सुरुवातीच्या भागांत माणसं घरी येतायत, जुनी भांडणं वर येतायत. इथे तिखट-मसालेदार काही नको. साधी, लोण्याच्या चवीची स्कॉटिश शॉर्टब्रेड पुरे. तिचं प्रमाण वजनावर लक्षात ठेवायचं: साखर एक भाग, लोणी दोन, पीठ तीन. म्हणजे पिठीसाखर १०० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, पीठ ३०० ग्रॅम. त्या ३०० पैकी २५० मैदा आणि ५० तांदळाचं पीठ घेतलं तर दाताखाली छान खुसखुशीत लागते. तांदळाचं पीठ बारीकच हवं. भाकरीसाठी चक्कीवरून आणलेलं जाडसर असेल तर कचकच येते. अंडं नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. अमूलचं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, ते वापरत असाल तर वर मीठ घालू नका.

बटर किती मऊ असावं यावर निम्मं यश आहे. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोट सर्रकन आत जाऊ नये. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी फ्रीजमधून काढलेल्या बटरला यासाठी तासभर लागेल, मुंबईत वीस मिनिटांत ते तयार होतं आणि चाळीस मिनिटांत ओघळायला लागतं. वितळलेल्या बटरने केलेली शॉर्टब्रेड तेलकट आणि दगडासारखी होते. घरचं लोणी वापरायचं तर त्यात ताकाचा अंश उरतो. ते आधी फडक्यातून घट्ट दाबून घ्या. तूपही चालतं, पण तुपात पाणी नसतं, म्हणून २०० ऐवजी १६० ग्रॅम घ्या, चिमूटभर मीठ घाला आणि पीठ गोळा होत नसेल तर दूध एकेक चमचा वाढवा. चव मात्र तेव्हा नानकटाईकडे झुकते. ती वाईट नाही, वेगळी आहे.

बटर आणि चाळलेली पिठीसाखर लाकडी चमच्याने एकजीव करा. फेसत बसू नका. हवा भरली की भाजताना फुगते आणि मग बसते. पीठ घालून बोटांच्या टोकांनी नुसतं गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं मळलंत तर चिवट होणारच. २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनला बटर पेपर लावा, पेपरच्या कडा बाहेर राहू द्या, आणि मिश्रण वाटीच्या तळाने सपाट दाबा. जाडी साधारण सव्वा सेंटिमीटर येते. काट्याने तळापर्यंत टोचे मारा, नाहीतर वाफ अडकून मध्ये फुगवटा येतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

ओव्हन १६० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा. मधल्या रॅकवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू, पंखा बंद ठेवून ३५ ते ४० मिनिटं. पंखा बंद करता येत नसेल तर १४५ अंश ठेवा. घरगुती ओटीजीमध्ये मागची बाजू जास्त तापते, म्हणून विसाव्या मिनिटाला टिन फिरवा. रंग बिस्किटासारखा तांबूस होऊ द्यायचा नाही. कडा सोनेरी आणि मध्यभाग फिकट पिवळा दिसला की झालं. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांच्या आत टिनमध्येच सुरीने कापून घ्या, एका बाजूने दहा आणि दुसऱ्या बाजूने तीन, म्हणजे तीस कांड्या. गार झाल्यावर कापायला गेलात तर तुकडे कमी आणि चुरा जास्त हाती लागतो. कापल्यावर मात्र टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या. पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरलेली असते, म्हणून २२ च्या वाचनासाठी २१ ला भाजली तरी उत्तमच.

२४ तारखेपासून: सुंठ आणि काकवी

खून झाल्यावर शॉर्टब्रेड सपक वाटायला लागते. इथे सुंठीची, दालचिनीची, गडद रंगाची कुकी हवी. इंग्रजी पाककृतीत मोलॅसेस किंवा ट्रीकल मागतात. आपल्याकडे काकवी आहे. ती त्यांच्यापेक्षा सौम्य आणि जास्त गोड, पण मैद्यात मिसळली की रंग आणि वास बरोबर येतो. कोल्हापूरकडची दाट काकवी असेल तर फारच छान. पातळ असेल तर एक चमचा कमी घ्या, नाहीतर पीठ चिकट होतं.

मैदा २५० ग्रॅम, बटर १२५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, काकवी ६० ग्रॅम म्हणजे पोह्यांच्या मोठ्या चमच्याने तीन भरगच्च, सुंठ पूड दोन छोटे चमचे, दालचिनी पूड एक चमचा, लवंग पूड पाव चमचा, किसलेलं जायफळ चिमूटभर, खायचा सोडा सपाट अर्धा चमचा. सुंठ ताजी दळलेली असेल तर दीड चमच्यावर थांबा, घसा धरतो. सोडा डोळ्यांनी मोजू नका. जास्त झाला की साबणासारखी चव येते, आणि ती सुंठीनेही झाकत नाही.

बटर, साखर, काकवी एकत्र करा. कोरडे जिन्नस दोनदा चाळून त्यात घाला आणि गोळा करा. मिश्रण गुलाबजामच्या पिठाइतकं मऊ असतं, घाबरून वरून मैदा टाकत जाऊ नका. फ्रीजमध्ये गेल्यावर ते घट्ट होणारच आहे. दोन भाग करून प्रत्येकाची ४ सेंटिमीटर जाड, साधारण १८ सेंटिमीटर लांब सुरळी करा, बटर पेपरमध्ये चॉकलेटसारखी गुंडाळून टोकं पिळा. आडवी ठेवली की सुरळी एका बाजूने चपटी होते. त्यावर साधा उपाय म्हणजे उभट स्टीलच्या पेल्यात उभी ठेवायची, किंवा पहिल्या तासाभरात दोनदा फिरवायची. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीजरमध्ये महिनाभर सहज टिकते.

हीच या बेताची चावी आहे. रोज संध्याकाळी आठ चकत्या कापायच्या, अर्ध्या सेंटिमीटर जाड, आणि बाकीची सुरळी परत आत. फ्रीजरमधली असेल तर दहा मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर सुरी घसरते आणि चकतीचे तुकडे पडतात. दर तीन-चार चकत्यांमागे सुरळी पाव वळसा फिरवा म्हणजे आकार गोलच राहतो. १७० अंशांवर १० ते १२ मिनिटं. ओव्हनच्या काचेतून बघितलं तर सहाव्या-सातव्या मिनिटाला चकत्या जराशा पसरतात, नवव्याच्या सुमारास वर बारीक भेगा पडतात आणि काकवीचा करपण्याच्या अलीकडचा वास येतो. त्यानंतरच्या दोन मिनिटांत बाहेर काढायच्या. मध्ये बोट लावलं तर अजून मऊ लागतील आणि हात परत ओव्हनकडे वळेल, वळवू नका. ट्रेवरच पाच मिनिटांत त्या कडक होतात. गडद रंगामुळे करपलेलं कळत नाही, म्हणून इथे घड्याळावर आणि नाकावर भरवसा ठेवावा लागतो.

कुकीज पसरून एकमेकींना चिकटल्या तर कारणं ठरलेली आहेत: सुरळी पुरेशी गार नव्हती, आधीच्या घाण्याचा ट्रे तापलेला होता, किंवा ओव्हन तापण्याआधीच ट्रे आत गेला. तळ काळा आणि वरून कच्चं असेल तर काळ्या पातळ ट्रेखाली दुसरा ट्रे ठेवा, किंवा रॅक एक खाच वर न्या.

२४ ला वाचायला बसल्यावर यातलं काहीही करायचं नाही. त्या दिवशीच्या कुकीज दुपारीच भाजून डब्यात ठेवा आणि ओव्हनचं बटण बंद करूनच पुस्तक उघडा.

घरात चार जण मिळून वाचत असतील तर एक सुरळी बाजूला ठेवून २३ ला तिच्या बाहुल्या करा. बाहुल्यांसाठी वेगळं पीठ करणार असाल तर सोडा निम्मा घ्या, म्हणजे हातपाय पसरून गाजरासारखे होत नाहीत. दोन बटर पेपरमध्ये ५ मिलिमीटर लाटा, कापा, कापलेल्या बाहुल्या ट्रेसकट १५ मिनिटं गार करा, मग भाजा. कादंबरीतल्या म्हाताऱ्या सिमियन लीच्या घरी जमलेली माणसं मोजायची तर तीन मुलगे आणि त्यांच्या बायका मिळून सहा, चौथा मुलगा हॅरी, नात पिलार, पाहुणा स्टीफन फार, बटलर ट्रेसिलियन आणि नोकर हॉरबरी अशी अकरा होतात. पिठीसाखरेत दुधाचे थेंब घालून दाट लेप करा, काडीने आद्याक्षर काढा. लेप ओघळला तर दूध जास्त झालं, साखर वाढवा. जो निर्दोष वाटेल त्याला खायचं, आणि शेवटी उरेल तो आपला आरोपी. दोन-तीन कोऱ्या बाहुल्या जास्तीच्या ठेवा, एखाद्याची मान हमखास मोडते.

विषाची गोष्ट वाचत असाल तर शॉर्टब्रेडमध्ये बदामाचं इसेन्स पाव चमचा घाला. रहस्यकथांत सायनाइड म्हटलं की कडू बदामाचा वास येतोच, आणि इसेन्समधला बेंझाल्डिहाइड नावाचा घटक त्याच वासाचा असतो. तो म्हणजे सायनाइड नव्हे. ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धात टॉर्की इथे औषधालयात काम केलं होतं, त्यामुळे त्यांच्या विषांची मात्रा आपल्या सोड्याच्या मात्रेपेक्षा बिनचूक असते.

पुस्तकातच पाककृती असेल तर

अमेरिकन कोझीमध्ये कथेच्या मधोमध पाककृती छापलेल्या असतात. जोॲन फ्लूक यांच्या मालिकेतली हॅना स्वेन्सन तर मिनेसोटातल्या लेक ईडन या काल्पनिक गावात ‘कुकी जार’ नावाचं दुकानच चालवते. त्या पाककृती इथे जशाच्या तशा केल्या की बिघडतात, आणि दोष ओव्हनला दिला जातो. त्यांचा कप म्हणजे २४० मिलिलिटर, आपला चहाचा कप नव्हे. एक कप मैदा १२० ते १२५ ग्रॅम धरा. डब्यात कप खुपसून भरला तर तो १५० पर्यंत जातो आणि कुकी कोरडी पडते. बटरची एक ‘स्टिक’ ११३ ग्रॅम. ३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १७५ सेल्सिअस, ३७५ म्हणजे १९०. त्यांची साखर आपल्यापेक्षा बारीक दाण्याची असते, म्हणून आपली मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंद फिरवा, पीठ होईपर्यंत नाही. ब्राउन शुगर मागितली तर कपभर साखरेत मोठा चमचाभर काकवी चोळा. एक अंडं कवचाशिवाय ५० ग्रॅमचं धरलेलं असतं. आपलं लहान निघालं तर दूध घालून वजन पूर्ण करा. गोडी आपल्या जिभेला जास्त वाटते, पाव हिस्सा साखर खुशाल कमी करा, कुकी जरा कमी पसरेल एवढंच. आणि अंडं असो-नसो, कच्चं पीठ चाटू नका. कच्चा मैदाही पोट बिघडवू शकतो.

वाचताना

चहाचा प्रश्न आपल्याकडे बुडवण्याचा आहे. शॉर्टब्रेड दुधाच्या गरम चहात बुडवली की दोन सेकंदांत तळाला जाते, ती कोरीच खायची. सुंठीची कुकी तीन-चार सेकंद तग धरते. तिच्यासोबत आल्याचा चहा नको, दोन्हीकडून तिखटपणा येतो. वेलचीचा किंवा साधा कोरा चहा घ्या.

पुस्तकासाठी खरी धोक्याची शॉर्टब्रेडच, कारण बोटांना बटर लागतं. कांडी कागदी रुमालात धरून खा आणि पानं दुसऱ्या हाताने उलटा. ताटली पुस्तकाच्या खाली नाही, बाजूला. तरी डाग पडलाच तर पुसू नका, पुसल्याने तो पसरतो. पानाखाली कोरा टिपकागद ठेवा, डागावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरवा, वर दुसरा टिपकागद, मग जड शब्दकोश ठेवून रात्रभर सोडा. सकाळी मऊ ब्रशने झटका. ताजा डाग बराच फिका होतो, महिन्याभराचा जुना जात नाही. पुस्तक वाचनालयाचं असेल तर त्या दिवशी सुंठीचीच कुकी खा.

डब्यात भरताना कुकीज पूर्ण गार असल्या पाहिजेत. किंचित कोमट भरल्या तरी आतल्या वाफेने सगळा डबा नरम पडतो. शॉर्टब्रेड आणि सुंठीची कुकी एका डब्यात ठेवू नका. शॉर्टब्रेडला रात्रीतून लवंगेचा वास लागतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात तीन-चार दिवसांत नरम होतातच, त्या १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार करा, परत कुरकुरीत होतात. काकवीला मुंग्या फार लवकर येतात, म्हणून डबा पाणी घातलेल्या ताटलीत ठेवा.

२८ तारखेचा भाग संपला तरी फ्रीजरमध्ये अर्धी सुरळी उरलेली असेल. तिच्या कागदावर पेनाने तारीख, ‘१७०, ११ मिनिटं’ आणि ‘सुंठ’ एवढं लिहून ठेवा. जानेवारीत कोणी दुसरं पुस्तक काढलं की विचारायला उठावं लागणार नाही.